पस्तीस किलोच्या सासूबाई

वजन म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत होतं. सव्वीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त करतोय. दोरीच्या एका टोकाला माणसं भरलेली केबिन असते आणि दुसऱ्या टोकाला लोखंडाच्या लाद्या. त्यांना आम्ही काउंटरवेट म्हणतो. लाद्या खाली येतात, केबिन वर जाते. बिचाऱ्या मोटरला फक्त दोन्हींतला फरक तेवढा ओढावा लागतो. तुम्ही आरशात बघून केस सारखे करत आठव्या मजल्यावर पोहोचता ते या लाद्यांच्या जिवावर. ही गोष्ट मी आजवर शेकडो लोकांना समजावून सांगितली आहे. त्यातल्या बहुतेकांनी विचारलंही नव्हतं.

हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढचं ऐकल्यावर या माणसाला लिफ्टच्या आसपास फिरकू देऊ नका, असं तुम्ही म्हणणारच आहात.

सुरुवात झाली एका खड्ड्यात. प्रत्येक लिफ्टच्या तळाशी छातीएवढा खोल खड्डा असतो. साफसफाईला, तेलपाण्याला आम्हाला तिथे उतरावं लागतं. त्या दिवशी खाली उतरलो, काम उरकलं आणि बघतो तर शिडी नाही. ती माझा जोडीदार दुसऱ्या लिफ्टकडे घेऊन गेला होता. या जोडीदाराला सगळे ‘सावकाश’ म्हणतात. माणूस देवासारखा, पण पाच मिनिटांत येतो म्हणाला की आपण डबा खाऊन घ्यावा. मी वाट बघितली नाही. पूर्वी करायचो तसे दोन्ही तळवे कठड्यावर ठेवले, अंग वर रेटलं, आणि पोटापर्यंत बाहेर आल्यावर माझी गाडी थांबली. वरही जाईना, खालीही येईना. कठड्यावर वाळत घातलेल्या चादरीसारखा मी लोंबत राहिलो. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मला कॉलरला धरून ओढून काढलं. दात काढायच्या सवयीमुळे असेल, त्यांनी आधी थोडं डावीकडे हलवलं, मग उजवीकडे, आणि मग एकदम ओढलं.

ही बातमी आमच्या साहेबांपर्यंत पोहोचली. साहेबांनी मला बोलावलं, बसायला सांगितलं, आणि अगदी प्रेमाने विचारलं की तक्रारींचे फोन घ्यायच्या टेबलावर बसायला आवडेल का. त्या टेबलावर गेलेला माणूस परत कामावर गेल्याचं मी पाहिलेलं नाही. मी नाही म्हटलं. मग त्यांनी सांगितलं की दोन महिन्यांनी सगळ्यांची शारीरिक चाचणी आहे. शिडीशिवाय, हातांच्या बळावर, खड्ड्यातून दोनदा बाहेर यायचं. जमलं तर खड्डा, नाही जमलं तर फोन.

घरी आल्यावर हे बायकोला सांगितलं. तिने फार विचार केला नाही. म्हणाली, उद्यापासून आईबरोबर जिमला जा.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय एकाहत्तर, उंची माझ्या खांद्याखाली. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. दोन वर्षांपासून आमच्याकडे राहतात. मागच्या वर्षी एकदा त्यांना खुर्चीतून उठता येईना, तेव्हा डॉक्टरांनी हातापायांत ताकद आणायला सांगितलं, आणि तेव्हापासून त्या आठवड्यातून तीनदा जिमला जातात. मला वाटायचं, तिथे म्हाताऱ्या बायका गोलात बसून मान डावी-उजवी करत असतील.

जिममधल्या ट्रेनरबाई असतील सत्तावीस-अठ्ठावीसच्या. मला त्यांनी तराजूवर उभं केलं. चौऱ्याऐंशी किलो. खड्ड्याची हकीकत ऐकून घेतली आणि एका मशीनसमोर नेलं. दोन बाजूंना दोन दांडे, मध्ये गुडघे टेकायला एक गादी, मागे चढायला पायरी, आणि शेजारी लोखंडी प्लेटांची चळत. प्लेटांवर पाच, दहा, पंधरा असे शंभरपर्यंत आकडे. हव्या त्या आकड्याखाली पिन खुपसायची, दांडे धरायचे, गादीवर गुडघे टेकायचे, हात वाकवून खाली जायचं आणि हात सरळ करत वर यायचं. याला डिप्स म्हणतात. खड्ड्यातून बाहेर येताना तुम्ही हेच करता काका, असं त्या म्हणाल्या, आणि माझ्या कागदावर लिहिलं: डिप्स, पन्नास, आठ-आठचे दोन सेट.

त्यापुढे त्या आणखी बरंच बोलल्या. पिन कुठे, का, चढायचं कसं, उतरायचं कसं. ते मी ऐकलं नाही. त्या मशीनच्या तारेला कित्येक महिन्यांत वंगण लागलेलं नव्हतं आणि वरची पुली किंचित कलती होती, मी ते बघत होतो. त्या बोलत होत्या आणि मी गंभीरपणे मान हलवत होतो. नेमकं काय चाललंय हे न समजता मान हलवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. बायको साक्षीदार आहे.

एवढ्यात दुसऱ्या कोणीतरी हाक मारली म्हणून ट्रेनरबाई गेल्या. मशीनवर आधी सासूबाईंचा नंबर होता. त्या आल्या, पिन पस्तीसवर लावली, पायरीवर चढल्या, गुडघे टेकले, आणि ओठांतल्या ओठांत मोजत शांतपणे दहा वेळा खाली-वर झाल्या. खांदे स्थिर, पाठ सरळ. उतरल्या, नॅपकिनने कपाळ टिपलं आणि मला ‘या तुम्ही’ म्हणून पाणी प्यायला बाहेर गेल्या.

मी पिनकडे बघत राहिलो. पस्तीस किलो! घरात ज्या बाईला मी दोन वर्षं चहाचा कप हातात नेऊन देत होतो, ती बाई पस्तीस किलो उचलते आणि तिला धापही लागत नाही.

पण मीही लोखंडातला माणूस. पहिल्याच दिवशी पन्नास कशाला, बेताने सुरुवात करावी, शहाण्या माणसाने आपली पायरी ओळखावी, असं म्हणून मी पिन काढली आणि दहावर लावली. पायरीवर चढलो, दांडे धरले, दोन्ही गुडघे गादीवर टेकले, कोपर जरासे वाकवले, आणि दोरी तुटलेल्या लिफ्टसारखा सरळ तळमजल्यावर जाऊन आदळलो.

खाली रबराचा ठोकळा होता म्हणून वाचलो. दांडे कानांच्या बाजूला, खांदे कानांना टेकलेले, कोपर मागे आकाशाकडे, आणि मी गुडघ्यांवर. वर रेटायचा प्रयत्न केला तेव्हा फक्त चेहरा लाल झाला. शेजारी एक गृहस्थ वाट बघत उभे होते. त्यांनी नम्रपणे विचारलं, अजून किती सेट आहेत. मी म्हटलं, तीन. ते मला चांगलाच दम आहे असं समजून निघून गेले.

मग मी उतरायचं ठरवलं. हळूच गुडघे मागे ओढले. माझं वजन हटल्याबरोबर ती गादी वर आली आणि माझ्या हनुवटीला खालून असा टोला दिला की चष्मा उडून वजनकाट्यावर पडला. प्लेटा खणखणल्या. सगळं जिम वळून बघायला लागलं. मी बुटाची नाडी बांधली.

दहा किलो मला झेपत नव्हते. दुसऱ्या खेपेला मी पाचवर आलो. पाच तर आणखीच जड. माणूस इतका खचू शकतो याची मला कल्पना नव्हती. ट्रेनरबाईंना विचारायची सोय नव्हती, कारण विचारायचं म्हणजे पाच किलो जमत नाहीत हे सांगायचं. मग मी वेळच बदलली. त्या सकाळी पलीकडच्या हॉलमध्ये सामूहिक व्यायाम घेत असत, नेमक्या त्याच वेळी मी मशीनवर जाऊ लागलो. दोन आठवडे असे काढले. उजवा खांदा दुखायला लागला. शर्टाच्या बाहीत हात घालताना मी अशा आवाजात कण्हायचो की बायकोने एकदा आतून विचारलं, दार कुरकुरतंय का.

आणि या दोन आठवड्यांत सासूबाईंबद्दलचा माझा आदर मात्र वाढतच गेला. गुडघे टेकून मी तळाशी बसलेलो असायचो आणि मनात त्यांचा तो पस्तीसचा आकडा घोळत असायचा. आपण या बाईला आजवर ओळखलंच नाही, असं वाटू लागलं. घरात त्यांना जपून, हळूहळू, म्हातारीसारखं वागवणं हा त्यांचा अपमान आहे. मी ठरवलं, आपण तरी त्यांची कदर करायची.

पहिल्यांदा एका बरणीचं झाकण घट्ट बसलं होतं. बायको माझ्याकडे घेऊन आली. मी ती बरणी सरळ सासूबाईंच्या पुढे केली. म्हटलं, आई, हे तुमचं काम. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बरणीकडे बघितलं, पदर खोचला आणि झाकण उघडलं. मी मनातल्या मनात सलाम केला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं बाजारात गेलो. आमच्या इमारतीची लिफ्ट तेव्हा बंद होती. हो, आमच्याच. ती दुसऱ्या कंपनीची आहे, त्यावर मला काही बोलायचं नाही. तर मी हलक्या पिशव्या घेतल्या आणि पिठाची मोठी पिशवी त्यांच्या हातात दिली. तीन मजले. त्या प्रत्येक मजल्यावर थांबत होत्या. मला वाटलं, किती योग्य पद्धतीने करतात, सेटच्या मध्ये विश्रांती घेतात.

आणि मग कपाट. बायको तिच्या मैत्रिणीकडे गेली होती. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट खिडकीसमोरून हलवायचं बरेच दिवस चाललं होतं. एरवी मी सावकाशला बोलावलं असतं. पण घरात पस्तीस किलोचं माणूस असताना बाहेरचा कशाला? मी सासूबाईंना म्हटलं, आई, तिकडची बाजू जरा धरता का. त्यांनी ती धरली. चार पावलं गेल्यावर त्यांनी आपली बाजू खाली ठेवली, भिंतीला टेकून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. कपाट खोलीच्या मधोमध तिरकं उभं. मला वाटलं, आज त्यांचा विश्रांतीचा दिवस असावा.

संध्याकाळी बायको आली. पहिल्यांदा ती कपाटाला धडकली, मग आईच्या खोलीत गेली. अर्ध्या तासाने बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघून मी टीव्ही बंद केला.

सासूबाई बॅग भरत होत्या. त्यांनी मुलाला फोन केला होता. तो उद्या संध्याकाळी न्यायला येणार होता. बायकोने मला सगळं सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज अजिबात चढला नाही. मला तो चढलेला परवडतो. तिच्या आईची समजूत अशी झाली होती की दोन वर्षं फुकट राहून खाल्लं, आता जावयाला ते जड झालंय आणि तो कामं सांगून ते वसूल करतोय. तोंडाने बोलत नाहीत, हमाली करायला लावतात, असं त्या म्हणाल्या होत्या. आणि हेही म्हणाल्या होत्या की जावई वाईट नाहीत, त्यांच्या जागी कोणालाही वाटलं असतं.

हे शेवटचं ऐकून मी ताडकन उठून उभा राहिलो.

मी म्हटलं, "अगं, काहीतरीच काय! मी उलट मान देत होतो. आई पस्तीस किलो उचलतात, मी डोळ्यांनी बघितलंय."

बायकोने पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "माझी आई दुधाची पिशवी दोन हातांनी धरते."

रात्रभर मला झोप लागली नाही. सकाळी उठलो आणि दुसरं काही सुचेना म्हणून जिमला गेलो. त्या दिवशी मी पाचवरची पिनसुद्धा काढून टाकली. म्हटलं, शून्यापासून सुरुवात करू. गादीवर टेकलो आणि नेहमीप्रमाणे तळाला गेलो. तिथे, दोन दांड्यांच्या मध्ये, खांदे कानात घालून मी सासूबाईंचा विचार करत बसलो असताना समोर दोन बूट दिसले.

सामूहिक व्यायामाला त्या दिवशी सुट्टी होती. ट्रेनरबाई खाली वाकल्या आणि विचारलं, "काका, पिन कुठे आहे?"

मी म्हटलं, काढली. जड जात होती.

त्यांनी मला हाताला धरून उठवलं. मला बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. मग शांतपणे विचारलं की हे असं किती दिवस चाललंय. मी खरं ते सांगितलं: दहा, पाच, शून्य, आणि दुखणारा खांदा. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, हा आकडा उचलायच्या वजनाचा नाही, मदतीचा आहे. पिन पन्नासवर म्हणजे मशीन तुमचे पन्नास किलो स्वतःच्या अंगावर घेतं, तुम्हाला उरलेलेच उचलावे लागतात. आकडा मोठा तितकं काम सोपं. शून्यावर म्हणजे सगळे चौऱ्याऐंशी तुमचे, आणि तेही इतकं खोल जाऊन. खांदा निखळला नाही हे नशीब समजा.

"साधं काउंटरवेट आहे काका," त्या म्हणाल्या. "लिफ्टला असतं ना, तसं."

मी त्या तारेकडे बघितलं, पुलीकडे बघितलं, प्लेटांच्या चळतीकडे बघितलं. सव्वीस वर्षं. गादी ही केबिन, प्लेटा या लाद्या. पहिल्या दिवशी मी तारेला वंगण कमी आहे हेही ओळखलं होतं. फक्त ती तार तिथे कशासाठी आहे, ते तेवढं राहून गेलं होतं.

आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. सासूबाई पस्तीस किलो उचलत नव्हत्या. त्यांचं स्वतःचं वजन बावन्न, त्यातले पस्तीस मशीनच उचलत होतं. त्यांच्या वाट्याला सतरा. आणि मी त्यांच्या हातात लोखंडी कपाट दिलं होतं.

ट्रेनरबाईंना कोणीतरी दारात बोलावलं. मी येईपर्यंत मशीनला हात लावू नका, असं बजावून त्या गेल्या. मी खरंच लावणार नव्हतो. पण सव्वीस वर्षांचा कारागीर आतून टोचत होता. एकदा नियम कळला की तो स्वतः तपासून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मदत जास्त तितकं सोपं, तर मग सगळ्यांत सोपं करून बघू. मी पिन नव्वदवर लावली.

चढलो, गुडघे टेकले, आणि काहीच झालं नाही. गादी हललीच नाही. खाली जावं म्हणून मी दांडे धरून अंग दाबलं, तसा थोडा खाली गेलो. हात सैल सोडले आणि संथपणे, ऐटीत, एखाद्या मंत्र्यासारखा आपोआप वर आलो. पुन्हा खाली दाबलं, पुन्हा वर. मजा वाटली, पण दोन-तीन वेळाच. कारण मग लक्षात आलं, मला उतरायचंय, आणि हे मला खाली राहूच देत नाही. पायरी मागे होती, ती दिसत नव्हती. मी विचार केला, जोर लावून पार तळापर्यंत जावं, तिथून एक पाय काढून जमिनीवर टेकवावा आणि सुटावं. दात-ओठ खात खाली गेलो. डावा गुडघा उचलायच्या बेतात होतो.

"पाय काढू नका!"

वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज होता तो. दारात सासूबाई उभ्या होत्या. गावाला जायच्या आधी ट्रेनरबाईंचा निरोप घ्यायला आल्या होत्या. भराभर जवळ आल्या, पिन बघितली आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या की आत्ता गुडघे काढले तर नव्वद किलो घेऊन ही गादी हनुवटीखाली येईल. दात राहणार नाहीत.

दहा किलोंनी माझा चष्मा उडाला होता. मी गुडघा परत टेकवला.

"आता हात सैल करा आणि वर या," त्या म्हणाल्या. "उतरायचं ते वरूनच. मध्येच उतरायचं नाही."

मध्येच उतरू नका. अडकलेल्या लिफ्टच्या दाराला तोंड लावून हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ओरडलो असेन! मी हात सैल केले आणि संथपणे वर आलो. वर आल्यावर गादी थांबली. आता एक पाय मागे न्या, पायरी लागेल, असं त्यांनी सांगितलं. मी हललो नाही. मी म्हटलं, आई, आधी मला बोलायचंय. खाली आल्यावर मला धीर होणार नाही.

आणि मग तिथेच, गुडघ्यांवर, सगळ्या जिमच्या डोक्यावर तरंगत, मी सगळं सांगितलं. पस्तीसचा आकडा, बरणी, पीठ, कपाट. मी वसूल काही करत नव्हतो, मला खरंच वाटलं होतं की त्या माझ्यापेक्षा ताकदवान आहेत. मला पाच किलोही उचलवत नव्हते, आणि त्यांना पस्तीस उचलताना बघून माझी छाती दडपून गेली होती.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मग त्यांनी विचारलं, "तुमचं वजन किती?"

"चौऱ्याऐंशी."

"पहिल्या दिवशी पिन कशावर?"

"दहा."

"चौऱ्याऐंशीतून दहा गेले?"

"चौऱ्याहत्तर," मी म्हणालो. शेजारचे ते नम्र गृहस्थ डंबेल खाली ठेवून ऐकत होते.

"आणि आत्ता? चौऱ्याऐंशीतून नव्वद?"

मी जरा अडखळलो. "उणे सहा."

"हं. माणूस उणे झाला," सासूबाई म्हणाल्या, "की तो वरच जातो."

आणि त्या हसायला लागल्या. आधी तोंडावर नॅपकिन धरून, मग नॅपकिनशिवाय, मग बाकावर बसून. दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. डोळे पुसत पुसत त्या म्हणाल्या की बरणी उघडली तेव्हा मात्र त्यांना फार बरं वाटलं होतं. गेल्या कित्येक वर्षांत कोणी त्यांच्या हातात बरणी दिली नव्हती. सगळे हातातलं काढूनच घेतात. पिठाच्या वेळी शंका आली. कपाटाच्या वेळी खात्री झाली.

मी म्हटलं, जाऊ नका. त्या म्हणाल्या, आधी तुम्ही खाली तर या.

मी दांडे घट्ट धरून एक पाय मागे नेला. पायरी लागली. मग दुसरा. जमिनीवर आलो तेव्हा छातीवरची लाद्यांची आख्खी चळत उतरल्यासारखं हलकं वाटत होतं. ट्रेनरबाई परत आल्या आणि पिन कुठे आहे हे बघून मला जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. सासूबाईंनी मध्ये पडून सांगितलं, राहू द्या, मघाशीच शिकवणी झाली आहे.

घरी आल्यावर त्यांनी मुलाला येऊ नकोस म्हणून फोन केला. बॅग काही त्यांनी लगेच रिकामी केली नाही, दोन दिवस तशीच खोलीत ठेवली. मी जाता-येता त्या बॅगेकडे बघत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी ती माळ्यावर दिसली, तेव्हा कुठे मला जेवण गेलं. कपाट मी आणि सावकाशने हलवलं. अर्धा दिवस लागला.

खांद्याला आठवडाभर विश्रांती दिली. मग पन्नासपासून नीट सुरुवात केली. सासूबाई शेजारी उभ्या राहायच्या. खांदे खाली ठेवा, कान गरम करायचे नाहीत. कोपर काटकोनात आले की बस, त्याखाली जायचं नाही. जाताना सावकाश, येताना सावकाश. आणि उतरताना वरूनच, एकेक पाय. दर आठवड्याला ट्रेनरबाई खांदा तपासायच्या आणि ठीक असेल तर पिन थोडी वर सरकवून मदत कमी करायच्या. पन्नास, पंचेचाळीस, चाळीस. चाचणीच्या आठवड्यात मी पस्तीसवर होतो. उरलेलं पायांच्या उडीने भागेल, असं ट्रेनरबाई म्हणाल्या.

चाचणीच्या दिवशी साहेब कागद घेऊन कठड्यापाशी उभे राहिले. मी खड्ड्यात उतरलो, शिडी वर ओढून घेतली गेली. तळवे कठड्यावर ठेवले, खांदे खाली घेतले आणि रेटलं. पोट कठड्याशी आलं, तिथे एक क्षण थांबल्यासारखं झालं, आणि मग पोट पुढे गेलं. त्यामागून बाकीचा मी गेलो. पुन्हा उतरलो, पुन्हा आलो. दुसऱ्यांदा जरा वेळ लागला, भिंतीवर पायही थोडे खरवडले, पण साहेबांनी कागदावर बरोबरची खूण केली आणि मला फोनच्या टेबलाबद्दल एक शब्दही विचारला नाही. मी कठड्यावर पाय सोडून बसलो आणि दहा मिनिटं नुसता श्वास घेत राहिलो. इतका सुंदर धुळीचा वास मी कधी घेतला नव्हता.

दुपारी डबा खाताना सावकाशने विचारलं, त्या जिममधल्या मशीनवर आता किती करता. मी अभिमानाने सांगितलं, पन्नासवरून पस्तीसवर आलो.

तो खाता खाता थांबला. माझ्या पाठीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "होतं असं. वय कोणाला चुकलंय? मनाला लावून घेऊ नका."

मी समजावून सांगायला तोंड उघडलं. काउंटरवेट, मदत, वजाबाकी. मग स्वतःला समजायला किती दिवस लागले ते आठवलं आणि तोंड मिटलं. एवढंच म्हटलं की पुढच्या महिन्यात विसावर यायचा विचार आहे.

त्याला फारच वाईट वाटलं. त्याने आपल्या डब्यातली दोन्ही उकडलेली अंडी काढून माझ्यापुढे ठेवली.

मी खाल्ली. दोन्ही.